केंद्रकाच्या वेशीवरचे राखणदार

तान्हे मूल रडते, पण त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. ही गोष्ट घरच्यांच्या लक्षात यायला बराच काळ जातो आणि आली तरी ती फारशी कोणी मनावर घेत नाही. पुढे हेच मूल घास गिळताना अडखळू लागते. खाल्लेले अन्न छातीत अडकते आणि उलटून पडते. मग एखाद्या साध्या तापाच्या निमित्ताने त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते, झटके येतात आणि वेळीच निदान झाले नाही तर प्रकरण जिवावर बेतते. अश्रुग्रंथी, अन्ननलिका आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी या तिघांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाला सुचणार नाही. ब्रिटनमधील डॉ. ऑलग्रोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या लक्षणांचा एकत्रित विकार म्हणून उल्लेख केला. तिन्ही लक्षणांची वैद्यकीय नावे इंग्रजी 'ए' या अक्षराने सुरू होत असल्याने त्याला 'ट्रिपल ए सिंड्रोम' असे नाव पडले.

या विकाराला कारणीभूत असलेले जनुक २००० मध्ये सापडले. त्या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाला 'अलाडिन' असे नाव देण्यात आले. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकावर असलेल्या सूक्ष्म रंध्रांमध्ये बसवलेले असते, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले आणि कोडे सुटण्याऐवजी अधिकच अवघड झाले. कारण केंद्रक आणि त्यावरील रंध्रे शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. ज्या दरवाजातून साऱ्या पेशींचा व्यवहार चालतो, तो दरवाजा सदोष असेल तर संपूर्ण शरीरच कोलमडायला हवे. प्रत्यक्षात मात्र दोन-तीन अवयवच आजारी पडतात. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ज्या पेशींची सर्वाधिक मदत झाली, त्या म्हणजे स्टेम सेल या नावाने परिचित असलेल्या मूलपेशी.

वेस, नाका आणि पडदा

पेशीचा सारा दस्तऐवज म्हणजे डीएनए. एका मानवी पेशीतील डीएनएची लांबी सुमारे दोन मीटर भरते आणि ती एका सूक्ष्म केंद्रकात व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली असते. केंद्रकाभोवती दुहेरी पटलाचे आवरण असते. जनुकांतील आज्ञांची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने केंद्रकातून बाहेर यावी लागते, कारण प्रथिने तयार करण्याचे कारखाने बाहेरच्या पेशीद्रवात असतात. उलट, जनुके चालू वा बंद करणारी प्रथिने बाहेर तयार होऊन आत जावी लागतात. ही अखंड ये-जा आवरणावरील रंध्रांतून होते. कॅलन आणि टॉमलिन या शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींचे केंद्रकावरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ही रंध्रे प्रथम नजरेस पडली.

रंध्र म्हटल्यावर नुसते भोक डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हे पेशीतील सर्वांत मोठ्या बांधकामांपैकी एक आहे. आठ सारख्या भागांच्या या चाकाचा व्यास सुमारे १२० नॅनोमीटर असतो. त्यात सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांचे मिळून १,००० च्या आसपास रेणू बसवलेले असतात. या प्रथिनांना न्यूक्लिओपोरिन म्हणतात. संशोधकांच्या बोलण्यात त्याचे संक्षिप्त रूप 'नप' असे होते आणि त्यापुढचा आकडा साधारणपणे त्या प्रथिनाचे वजन दर्शवतो. एका मानवी केंद्रकावर अशी काही हजार रंध्रे असतात. एवढ्या अवाढव्य रचनेचा नकाशा तयार करायला अनेक दशके लागली. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधणारी 'अल्फाफोल्ड' ही संगणकप्रणाली यांची सांगड घालून २०२२ मध्ये मानवी रंध्राच्या सांगाड्याचे बरेचसे तपशीलवार चित्र प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील शहरांच्या वेशीवर एकेकाळी जकात नाके असत. पायी जाणाऱ्या माणसाला तेथे कोणी अडवत नसे. मालाने भरलेल्या ट्रकला मात्र कागदपत्रे दाखवावी लागत. केंद्रकरंध्राचा कारभार काहीसा असाच आहे. पाणी, क्षार आणि सुमारे ४० किलोडाल्टनपर्यंत वजनाचे छोटे रेणू विनासायास आत-बाहेर जातात. त्याहून मोठ्या प्रथिनांना मात्र ओळखचिठ्ठी लागते. प्रथिनाच्या साखळीतच अमिनो आम्लांचा एक छोटा पत्ता लिहिलेला असतो. इंपोर्टिन आणि एक्स्पोर्टिन ही वाहक प्रथिने तो वाचतात आणि माल उचलून पलीकडे पोहोचवतात. रंध्राच्या मधोमध काही न्यूक्लिओपोरिनचे सैल धागे, दारात सोडलेल्या मण्यांच्या माळांसारखे, लोंबत असतात. या धाग्यांत फेनिलॲलनिन आणि ग्लायसिन या अमिनो आम्लांची जोडी पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे ते एकमेकांना हलकेच चिकटून एक जाळीदार पडदा तयार होतो. वाहक प्रथिने या पडद्यातून सहज सरकतात, अनोळखी मोठे रेणू बाहेरच राहतात. एका रंध्रातून सेकंदाला सुमारे हजार रेणूंची वाहतूक होऊ शकते, असे प्रयोगांत आढळले आहे.

मूलपेशींनी दाखवलेली वाट

बराच काळ शास्त्रज्ञांची समजूत अशी होती, की सर्व पेशींतील रंध्रे एकसारखी असतात आणि त्यांचे काम केवळ वाहतुकीचे असते. याला छेद देणारी एक कल्पना गुंटर ब्लोबेल यांनी १९८५ मध्ये मांडली होती. प्रथिनांना पेशीतील आपापला पत्ता कसा सापडतो, याच्या शोधासाठी १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाचे म्हणणे असे होते, की रंध्रे विशिष्ट जनुकांना आपल्याजवळ धरून ठेवत असावीत आणि पेशीचा प्रकार ठरण्यात त्याचा वाटा असावा. त्या वेळी हा केवळ तर्क होता. त्याला पुष्टी देणारे पुरावे मिळण्यासाठी मूलपेशींच्या अभ्यासाची वाट पाहावी लागली.

मूलपेशी म्हणजे अजून कोणतेही एक काम न पत्करलेली पेशी. तिच्यातून पुढे स्नायू, मज्जातंतू, रक्त अशा निरनिराळ्या प्रकारच्या पेशी तयार होतात. या साऱ्या पेशींतील डीएनए एकच असतो. फरक असतो तो कोणती जनुके चालू आहेत आणि कोणती बंद, याचा. मूलपेशी विशिष्ट पेशीचे रूप घेऊ लागते, तेव्हा जनुकांची ही मांडामांड मोठ्या प्रमाणावर बदलते. त्यामुळे रंध्रांचा जनुकांशी काही संबंध असेल, तर तो नेमका याच वेळी उघड व्हायला हवा.

तसेच घडले. उंदरांच्या गर्भांवरील २००८ च्या एका अभ्यासात नप-१३३ या प्रथिनाचे जनुक निकामी झालेले होते. त्या गर्भांतील पेशी मेल्या नाहीत, त्यांचे विभाजनही चालू राहिले. परंतु मज्जासंस्थेच्या मूलपेशींना चेतापेशींचे रूप घेणे धड जमेना आणि गर्भ अर्ध्या वाटेतच दगावले. रंध्राचा एक सुटा भाग नसला तरी वाहतूक चालते, पण पेशीची पुढची वाटचाल अडते, हे त्यातून दिसले.

कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये मार्टिन हेट्झर, मॅक्सिमिलियानो डी'अँजेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याहून स्पष्ट पुरावा दिला. नप-२१० हे प्रथिन भ्रूणीय मूलपेशींच्या आणि विभाजन पावणाऱ्या स्नायूपूर्व पेशींच्या रंध्रांत नसतेच. या पेशी स्नायू किंवा चेतापेशी बनण्याच्या मार्गाला लागल्या, की हे प्रथिन तयार होऊन रंध्रांत बसवले जाते. ते तयार होऊ दिले नाही तर पेशींचे रूपांतर थांबते. ते जादा प्रमाणात पुरवले तर स्नायुपेशी लवकर तयार होतात. विशेष म्हणजे या प्रथिनाच्या असण्या-नसण्याने रंध्रातील सर्वसाधारण वाहतुकीत फरक पडला नाही. फरक पडला तो रूपांतराला लागणाऱ्या जनुकांच्या कामात. थोडक्यात, पेशी बदलते तेव्हा तिच्या वेशीवरचा बंदोबस्तही बदलतो आणि तो बदलला नाही तर पेशीही बदलू शकत नाही.

काही न्यूक्लिओपोरिनचे काम याच्या उलट, म्हणजे मूलपेशीला मूलपेशी म्हणून टिकवण्याचे असते. रंध्राच्या आतल्या अंगाला एक टोपलीसारखी रचना असते आणि नप-१५३ हा तिचा भाग आहे. विशिष्ट अवयवांकडे नेणारी जनुके मूलपेशीत गप्प ठेवावी लागतात. ती गप्प ठेवणाऱ्या प्रथिनांना योग्य जागी आणण्याचे काम नप-१५३ करते, असे २०१५ मध्ये उंदरांच्या भ्रूणीय मूलपेशींत दिसून आले. ते कमी झाले तर ही जनुके अवेळी जागी होतात आणि पेशी आपले मूलपेशीपण गमावते. मेंदूच्या मूलपेशींत हेच प्रथिन 'सॉक्स-२' या प्रथिनाच्या जोडीने काम करते, असे २०१७ मध्ये आढळले. हे सॉक्स-२ म्हणजे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या प्रौढ पेशीला पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेण्यासाठी वापरलेल्या चार घटकांपैकी एक. या कामासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासह मिळाले.

वयात न येणाऱ्या रक्तपेशी

राखणदाराने वेस सोडून भलत्याच ठिकाणी हुकूम चालवायला सुरुवात केली तर काय होते, याचे उदाहरण रक्ताच्या कर्करोगात सापडते. नप-९८ हे प्रथिन रंध्रात असते, तसेच ते रंध्र सोडून केंद्रकाच्या आत हिंडते आणि जनुकांवर जाऊन बसते. फळमाशीवरील २०१० मधील संशोधनात हे प्रथम ठळकपणे दिसले. मात्र या प्रथिनाचा कर्करोगाशी असलेला संबंध त्याआधीच लक्षात आला होता. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या काही रुग्णांत ७ व्या आणि ११ व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून परस्परांना जोडले जातात. या अदलाबदलीत नप-९८ च्या जनुकाचा अर्धा भाग 'हॉक्स-ए९' या जनुकाला चिकटतो, असे १९९६ मध्ये दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्यानंतर नप-९८ ला अशा रीतीने चिकटणारी ३० हून अधिक जनुके सापडली आहेत.

हॉक्स-ए९ हे रक्ताच्या मूलपेशींत चालू असणारे जनुक आहे. अस्थिमज्जेत पेशी परिपक्व होऊ लागली, की ते बंद व्हावे लागते. नप-९८ शी जोडले गेल्यावर तयार होणारे संकरित प्रथिन ही बंद होण्याची क्रिया हाणून पाडते. रंध्रात पडदा तयार करणारे चिकट धागे आता जनुकांभोवती थेंबासारख्या गाठी तयार करतात आणि पेशीला बाल्यावस्थेत ठेवणारी जनुके चालूच राहतात, असे २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. जो गुणधर्म वेशीवर उपकारक असतो, तोच भलत्या जागी घातक ठरतो. पेशी वाढत राहतात, पण वयात येत नाहीत. अस्थिमज्जा त्यांनीच भरून जाते.

या प्रकारचा ल्युकेमिया मुलांमध्येही आढळतो आणि त्यातील काही प्रकार नेहमीच्या केमोथेरपीला फारशी दाद देत नाहीत. नप-९८ आणि 'एनएसडी-१' यांचे मीलन तर गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीत दिसतही नाही. त्यासाठी खास जनुकीय चाचणी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात नप-९८ च्या फेरमांडणीमुळे होणाऱ्या ल्युकेमियाला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे.

न बदलणारे दरवाजे

आता मूळ कोड्याकडे वळता येईल. पेशीचे विभाजन होते तेव्हा केंद्रकावरण विरघळते, रंध्रे सुटी होतात आणि दोन्ही नव्या पेशींत ती पुन्हा उभारली जातात. या निमित्ताने जुने भाग बदलले जातात. परंतु मेंदूतील बहुतेक चेतापेशी जन्मानंतर पुन्हा विभाजित होत नाहीत. त्यांच्या रंध्रांचे काय होते? हेट्झर यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांच्या जातीतील मोठ्या प्राण्यांच्या, म्हणजे घुशीएवढ्या रॅटच्या, मेंदूचा अभ्यास केला. वृद्ध प्राण्यांच्या काही चेतापेशींची रंध्रे गळकी झाली होती आणि जी प्रथिने केंद्रकाबाहेर राहायला हवीत ती आत शिरली होती. पुढे २०१२ मध्ये या प्राण्यांना जड नायट्रोजन असलेले खाद्य देऊन त्यांच्या प्रथिनांवर खूण करण्यात आली आणि नंतर साधे खाद्य सुरू केले गेले. वर्ष उलटून गेल्यावरही मेंदूतील रंध्रांच्या सांगाड्याच्या काही प्रथिनांत ती खूण शिल्लक होती. बहुतेक प्रथिने काही दिवसांत मोडून नवी तयार होतात, हे लक्षात घेतले तर या चिवटपणाचे महत्त्व कळते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, निरनिराळ्या पेशींतील रंध्रांची घडण आणि त्यांची प्रत्येक न्यूक्लिओपोरिनवरची भिस्त सारखी नसते. दुसरी म्हणजे, ज्या पेशी क्वचितच विभाजित होतात, त्यांना सदोष वा झिजलेला दरवाजा बदलण्याची संधी फारशी मिळत नाही. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या विशेष पेशी अशाच स्थिर प्रकारच्या असतात. स्टिरॉइडना दाद न देणाऱ्या नेफ्रोटिक सिंड्रोमच्या काही बालरुग्णांत नप-१०७, नप-९३ आणि नप-२०५ यांच्या जनुकांतील दोष २०१५ आणि २०१६ मध्ये सापडले. नप-१५५ मधील दोषाने हृदयाची लय बिघडते, असे २००८ मध्ये एका कुटुंबाच्या अभ्यासातून कळले. एकाच दरवाजाचे निरनिराळे भाग बिघडले, की निरनिराळे अवयव आजारी पडतात, ते यामुळे. ट्रिपल ए सिंड्रोममध्ये नेमके तेच तीन अवयव का सापडतात, याचा संपूर्ण उलगडा मात्र झालेला नाही.

सर्वांत गंभीर उदाहरण एएलएसचे. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे सर्वांना ठाऊक झालेल्या या आजारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात. या रोगात 'टीडीपी-४३' हे प्रथिन केंद्रकातून नाहीसे होऊन बाहेर गोळा होते, हे २००६ मध्ये कळले. आनुवंशिक एएलएसचे एक प्रमुख कारण असलेला 'सी९ओआरएफ७२' या जनुकातील दोष २०११ मध्ये सापडला. या दोषामुळे केंद्रकरंध्रांतील वाहतूकच विस्कळीत होते, असा निष्कर्ष २०१५ मध्ये तीन संशोधकगटांनी जवळजवळ एकाच वेळी काढला.

जिवंत रुग्णाच्या मेंदूतून चेतापेशी काढून तपासता येत नाहीत. येथे यामानाका यांचे तंत्र उपयोगी पडले. रुग्णाच्या त्वचेतील किंवा रक्तातील पेशी घेऊन त्यांना मूलपेशींच्या अवस्थेत नेता येते आणि त्यांतून प्रयोगशाळेतील बशीत त्याच रुग्णाच्या चेतापेशी वाढवता येतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशाच पेशींतील रंध्रे तपासली. त्यांत आठ न्यूक्लिओपोरिन कमी झालेली होती आणि या पडझडीची सुरुवात 'पॉम-१२१' या एका प्रथिनापासून होत होती. पुढे २०२१ मध्ये त्यांनी 'सीएचएमपी-७' या प्रथिनाचे केंद्रकात साठणे हे त्याच्याही आधीचे पाऊल असल्याचे दाखवले. ते प्रथिन कमी केल्यावर रंध्रांची हानी कमी झाली.

उपचारांच्या उंबरठ्यावर

या ज्ञानाचा रुग्णांना काय उपयोग? काही ठिकाणी तो प्रत्यक्ष झाला आहे. रंध्रातून माल बाहेर नेणाऱ्या एक्स्पोर्टिन-१ या वाहकाला जखडून ठेवणारे सेलिनेक्सॉर हे औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी मंजूर केले. कर्करोगाला आवर घालणारी प्रथिने केंद्रकातच राहावीत, हा त्यामागचा हेतू. ल्युकेमियातील बालपेशींची जनुके चालू ठेवण्यासाठी मदत करणाऱ्या 'मेनिन' या प्रथिनाला अडवणारे रेव्हुमेनिब हे औषध २०२४ मध्ये, ११ व्या गुणसूत्रावरील केएमटी२ए या जनुकाच्या फेरमांडणीमुळे होणाऱ्या ल्युकेमियासाठी मंजूर झाले. नप-९८ मुळे होणाऱ्या ल्युकेमियावरही या वर्गातील औषधे परिणाम करतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. ट्रिपल ए सिंड्रोममध्ये जनुक दुरुस्त करता येत नसले, तरी निदान वेळेवर झाले तर अधिवृक्क ग्रंथींची उणीव हायड्रोकॉर्टिसोनच्या साध्या गोळ्यांनी भरून काढता येते आणि मुलाचा जीव वाचतो. अश्रू न येणे हे बहुधा त्याचे पहिले लक्षण असते, म्हणून ते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

एएलएसच्या बाबतीत मात्र वाट बिकट आहे. सी९ओआरएफ७२ च्या सदोष आरएनएला लक्ष्य करणारे एक औषध चाचणीत रुग्णांना लाभ देऊ शकले नाही आणि २०२२ मध्ये त्याचा विकास थांबवण्यात आला. बशीतील पेशी सुधारणे आणि माणूस बरा होणे यांत मोठे अंतर आहे, याची ती जाणीव होती.

हे अंतर ध्यानात ठेवणे भारतातील रुग्णांच्या दृष्टीने विशेष गरजेचे आहे. मूलपेशींच्या नावाने असाध्य रोग बरे करण्याची आश्वासने देणाऱ्या जाहिराती अनेक वर्षे दिसत आल्या आहेत आणि हताश कुटुंबे त्यासाठी घरदार विकायला तयार होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठी केले जाणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य कोणताही उपचार प्रस्थापित मानलेला नाही. तो केवळ रीतसर मंजुरी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीचा भाग म्हणूनच करता येतो. एएलएसच्या अभ्यासात मूलपेशींचे आजवरचे मोठे योगदान रोगाचे कारण दाखवून देण्याचे आहे. या आजारात त्यांचे इंजेक्शन विकत घेऊ पाहणाऱ्याने हा फरक आधी डॉक्टरांकडून समजून घ्यायला हवा.

केंद्रकरंध्राकडे शास्त्रज्ञ अर्धशतकभर केवळ एक दरवाजा म्हणून पाहत होते. पेशीने काय व्हायचे, किती काळ तसेच राहायचे आणि कधी बदलायचे, या निर्णयांत त्या दरवाजाचाही वाटा असतो, हे मूलपेशींनी दाखवून दिले. कोणत्या अवयवात त्याचा कोणता भाग आधी झिजतो, हे जितके नेमके कळेल, तितके त्या अवयवाला वेळेत वाचवणे सोपे जाईल. प्रयोगशाळांतून चाललेला पुढचा शोध त्याच दिशेने आहे.